सासूची खुर्ची

माझ्या मुलाच्या लग्नात मी कुठे बसायचं, ते ठरलं पुण्यात. मी राहते शारजाच्या अल नहदामध्ये, लग्न व्हायचं होतं दुबईत, आणि ठरवणाऱ्या माझ्या थोरल्या जाऊबाई कोथरूडला. फोनवर त्या म्हणाल्या, "पुण्याहवाचनाला आम्ही दोघं बसू. तू कसलीही काळजी करू नकोस. तू आपली समोर बसून डोळे भरून बघ." आवाजात माया होती, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवल्यावर मी भांडी अशी काही आदळली, की दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या मल्याळी बाईंनी विचारलं, सब ठीक है ना.

ह्यांना जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. नवरा गेलेल्या बाईने कार्यात पाटावर बसायचं नाही, एवढीच ती गोष्ट. तोंडावर कोणी बोलत नाही. "बरं दिसत नाही" म्हणतात, आणि आपण समजून घ्यायचं. दुबईच्या देरा भागातल्या शिपिंग ऑफिसात माझं आयुष्य गेलं. कस्टमच्या माणसांशी मी हुज्जत घातली आहे, साहेबाला तोंडावर 'नो' म्हटलं आहे. पण जाऊबाईंना मी "बरं" म्हणाले. एकुलता एक मुलगा माझा, आणि त्याच्या लग्नात मी पहिल्या रांगेत पाहुण्यासारखी बसणार होते. हे मला फार लागलं. आणि लागलं हे कोणाला सांगताही येईना, याचा राग वेगळा.

मुलगी चिनी आहे हे त्याने सांगितलं, तेव्हासुद्धा मी इतकी चिडले नव्हते. फक्त विचारलं, "जेवायला काय लागतं तिला?" तो म्हणाला, "आई, रिलॅक्स. शी ईट्स एव्हरीथिंग." मी म्हटलं, तीच तर भीती आहे.

मुलगी दुबईतच वाढलेली. वडिलांचं ड्रॅगन मार्ट नावाच्या चिनी बाजारात बाथरूमच्या टाइल्सचं दुकान. शाळा सुटली की ती तिथे बसायची आणि गिऱ्हाइकांशी बोलून बोलून हिंदी शिकली. माझा मुलगा मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देतो, ही हिंदीत देते. निदान अर्धा रस्ता तरी चालून येते. घर त्यांचं इंटरनॅशनल सिटीत. तिथल्या इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत आणि हे लोक राहतात ते नेमके चायना क्लस्टरमध्ये. बाकी त्या क्लस्टरमध्ये चिनी किती आणि आपले किती हे संध्याकाळी जिन्यात येणाऱ्या फोडणीच्या वासावरून कळतं.

त्यांच्या घरी पहिल्यांदा बोलणी करायला जायचा दिवस मी काढला. पंचांग बघणं हा आमच्या घरात माझा प्रांत. श्रावण महिना, नारळी पौर्णिमा, त्यात शनिवारची सुट्टी. याहून चांगला दिवस मिळाला नसता. मी नारळाच्या वड्या केल्या, वर केशर लावलं, नवा डबा काढला आणि मुलाला म्हटलं, यल्ला, चल.

दार मुलीच्या आईने उघडलं आणि तिचा चेहरा पडला. म्हणजे ती हसली, पण आधी पडला. बायकांना ते कळतं. आत उदबत्तीचा वास दरवळत होता. बाल्कनीत मुलीची आजी, ऐंशीच्या पुढची, छोट्या स्टुलावर बसली होती. तिच्यापुढे भाताची वाटी, फळं, एक अख्खी वाफवलेली कोंबडी, चहाचे चार-पाच कप, आणि तांदळाने भरलेल्या वाटीत खोचलेल्या उदबत्त्या. मला वाटलं, बघा, आपण येणार म्हणून पूजा मांडली आहे. कोंबडीकडे काणाडोळा केला, चपला काढल्या, हात जोडले, आणि वड्यांचा डबा उघडून नैवेद्य म्हणून त्या ताटांशेजारी ठेवून दिला.

मुलीच्या आईने तोंडावर हात ठेवला. मुलगी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "आंटी, वो भूतों का है."

मग सगळं कळलं. त्यांचा हा सातवा महिना. या महिन्यात पाताळाचं दार उघडतं आणि ज्यांना जेवू घालणारं मागे कोणी उरलेलं नाही ते अतृप्त आत्मे रस्त्यारस्त्याने फिरतात. पौर्णिमेला त्यांना पान वाढायचं. या महिन्यात कोणी लग्न करत नाही, घर घेत नाही, लग्नाची बोलणीसुद्धा काढत नाही. मुलाने आम्ही येतोय एवढंच कळवलं होतं, कशासाठी ते नाही. आजीला गावच्या रीतीप्रमाणे ताटं खाली रस्त्याच्या कडेला मांडायची होती. पण वॉचमन म्हणाला, पार्किंगजवळ काही ठेवायचं नाही, खलास. म्हणून ताटं बाल्कनीत आली होती.

माझा पारा चढला. श्रावणातली पौर्णिमा आणि भुतं? आमच्याकडे आज बहीण भावाला राखी बांधते, कोळी समुद्राला नारळ वाहतो, आणि हे लोक म्हणतात, बाहेर भुतं फिरतात. मी मुलाला मराठीत म्हटलं, "एवढं माहीत होतं तर आधी बोलायचंस." तो म्हणाला, "हाऊ वुड आय नो?" तेही खरंच. तेवढ्यात आजी माझ्या डब्याकडे बघून काहीतरी बोलली आणि मुलगी हसायला लागली. "दादी बोलती है, भूतों को भी मीठा पसंद है." डबा तिथेच राहिला. आजीने एक वडी मात्र उचलून तोंडात टाकली, आणि मग दुसरी.

मुलीच्या वडिलांनी आतून त्यांचं पंचांग आणलं. लाल पुठ्ठ्याचं, विटेएवढं जाड. मी पर्समधून माझं काढलं. माझ्याकडे ते कायम असतं, लोक हसतात, हसू देत. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवली, मुलगी एकेक ओळ सांगत गेली आणि मी बोटावर मोजत गेले. त्यांचा महिना अमावास्या संपली की लागतो, आपलाही तसाच. त्यांचा पहिला म्हणजे आपला माघ. दुसरा फाल्गुन, तिसरा चैत्र, आणि सातवा बरोबर श्रावण. चंद्र एकच, महिना एकच, फक्त आम्ही त्यात सणांची रांग लावली आणि त्यांनी भुतांची.

आजीला हे समजलं तेव्हा ती एकदम खुलली. तिने सुचवलं, मग आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला बसू. त्या दिवशी सगळं घर एकत्र येतं, चंद्र बघतात, गोल गोड केक खातात, याहून शुभ दिवस नाही. मी मोजलं आणि कपाळाला हात लावला. भाद्रपदातली पौर्णिमा. तिच्या दुसऱ्या दिवसापासून आमचा पितृपक्ष. मी मुलीला म्हटलं, दादीला सांग, तुमची भुतं आमच्या सणात आणि आमचे पितर तुमच्या सणात. तिने सांगितलं. आजी इतकी हसली, की तिला ठसका लागला आणि पाणी द्यावं लागलं.

मुलीचे वडील बोलायला कमी, पण कॅलेंडरचा विषय निघाल्यावर सुरू झाले. जुन्या काळात हे पंचांग राजवाड्यातून यायचं. बादशहा म्हणजे स्वर्गाचा मुलगा, त्यामुळे कोणता दिवस कोणता हे सांगायचा हक्क त्याचा. राजघराणं बदललं की पंचांग नवं. शेजारच्या राजाने ते घेतलं म्हणजे त्याने मांडलिकी मान्य केली. मिंग राजांच्या काळात तर पंचांगावरच छापलेलं असायचं, की नकली प्रत काढणाऱ्याचं डोकं उडवलं जाईल. मी म्हटलं, आमच्याकडे पंचांग कोणीही छापतं, आणि एकाच महिन्यात स्मार्तांची एकादशी आज तर भागवतांची उद्या. त्यांनी विचारलं, मग बरोबर कोणाची? मी म्हटलं, ज्याच्या घरी उपासाचं जास्त चांगलं असेल त्याची.

लग्न हा शब्द तोंडातून न काढता आम्ही त्या दिवशी लग्नाची तारीख काढली. आमचा मार्गशीर्ष, त्यांचा अकरावा. दोन्ही पुस्तकांत दिवस चांगला निघाला आणि दुबईची हवाही तेव्हा बरी असते. घरी येताना मुलगा गाडीत शिट्टी वाजवत होता. मला मात्र पुण्याहवाचन आठवलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुढची खरी बैठक दसऱ्यानंतर झाली. आता सगळं मोकळेपणाने बोलता येत होतं. आजीने त्यांची रीत सांगितली. लग्नाच्या दिवशी सकाळी नवरा-नवरी वडीलधाऱ्यांना चहा देतात. वडीलधारी खुर्च्यांवर बसतात, पोरं गुडघे टेकून दोन्ही हातांनी कप पुढे करतात आणि त्या दिवशी पहिल्यांदा सासूला आई आणि सासऱ्याला बाबा म्हणतात. तोवर मावशी-काका. चहा प्यायला की नातं झालं. आमच्या हॉलमध्ये गुरुजी येण्याआधी हे त्यांच्या घरी उरकायचं असं ठरलं. मग आजीने विचारलं, मुलाकडून खुर्चीवर कोण बसणार?

मी सरळ सांगितलं, माझे दीर आणि जाऊबाई. पुण्याहून येणार आहेत, मोठे आहेत, तेच बसतील. हॉलमध्येही तेच.

मुलीने भाषांतर केलं. आजीने माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे, आणि एक वाक्य बोलली. मुलगी काही सांगेना. मी म्हटलं, सांग ना. शेवटी म्हणाली, "दादी पूछ रही है, लड़के की माँ मर गई है क्या."

आजीला कुजकं बोलायचं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. त्यांच्यात आईच्या खुर्चीवर दुसरं कोणी बसतं ते आई नसेल तरच, आणि कित्येक घरांत तेव्हाही बसत नाहीत. खुर्ची रिकामी ठेवतात आणि कप तिच्यापुढे ठेवतात. इथे तर आई समोर सोफ्यावर बसून खारे शेंगदाणे खात होती.

मी कारण सांगितलं. हिंदीत सांगताना ते मला स्वतःलाच विचित्र वाटायला लागलं. 'पति नहीं है, इसलिए' एवढंच म्हटलं. आजीला मात्र ते लगेच कळलं. तीही तिशीतच विधवा झालेली. ती म्हणाली, आमच्याकडेही विधवेला नवरीच्या खोलीत जाऊ देत नसत, नवरीच्या गादीला हात लावू देत नसत. मग तिने तिच्या सासरच्या गावची एक गोष्ट सांगितली.

गावाबाहेर दगडी कमान होती. तिच्या नवऱ्याच्या पणजीसाठी उभारलेली, छिंग बादशहांच्या काळात. तिशीच्या आत नवरा गेला आणि पन्नाशीपर्यंत बाई तशीच राहिली, दुसरं लग्न केलं नाही, तर गावकरी वर अर्ज पाठवायचे. बादशहाकडून मंजुरी यायची आणि कमान उभी राहायची. त्या घराला वेठबिगारीतून सूट मिळायची. त्यामुळे बाईने तशीच राहावं याची काळजी घरातल्या सगळ्यांना. पणजी एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली. जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली. येणाराजाणारा कमान बघून वाहवा करायचा. पुढे राजे गेले, नवी राजवट आली, जुनं ते सगळं वाईट ठरलं, आणि गावातल्या पोरांनी दोर लावून कमान पाडली. आजी तेव्हा नवी सून. दोर ओढणाऱ्यांत तीही होती. सासू महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

मी विचारलं, वाईट नाही वाटलं? ती म्हणाली, दगड चांगले होते, आम्ही त्यांचा डुकरांसाठी गोठा बांधला.

मग माझ्याकडे बोट करून ती जे बोलली ते मुलीने न अडखळता हिंदीत सांगितलं. "पणजीलासुद्धा सुनेचा पहिला चहा मिळाला होता. खुर्ची आईची असते, नवऱ्याची नाही."

मी घरी येऊन जाऊबाईंना फोन लावला. चहाला मी बसणार हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते त्यांचं बघ तू. चिनी लोकांचं आपल्याला काय कळतंय. आपल्या विधीचं मात्र ठरल्याप्रमाणे." तिथे मी परत "बरं" म्हणाले. शेपूट घातली म्हणा हवं तर. एका दिवसात माणूस वाघ होत नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही सगळे इंटरनॅशनल सिटीत जमलो. दीर-जाऊबाई आदल्या दिवशीच आले होते. पहिला मान आजीचा झाला, मग मुलीच्या आईवडिलांचा. मग आमच्या बाजूच्या दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर मी बसले. दुसरीपुढे छोट्या टेबलावर रिकामा कप होता. मुलीने चहा ओतला, आधी त्या खुर्चीपुढे गुडघे टेकले, दोन्ही हातांनी कप पुढे केला आणि मराठीत म्हणाली, "बाबा, चहा घ्या." तिच्या बाजूला माझा मुलगा गुडघ्यावर होता. इंग्रजी विसरला. "बाबा," एवढंच म्हणाला. मग ती माझ्याकडे वळली. "आई, चहा घ्या." मी रडले. लाजबीज काही वाटली नाही. चहा गोड होता, त्यात लाल खजुरासारखं काहीतरी होतं, आणि मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. जाऊबाई मागे सोफ्यावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

तिथून हॉलला गाडीने जाताना मी ठरवलं. म्हणजे ठरवलं असंही नाही. मला एवढं कळलं, की आता जर मी समोरच्या रांगेत जाऊन बसले, तर आजीच्या प्रश्नाला मी हो म्हटल्यासारखं होईल.

हॉलमध्ये गुरुजींनी चौरंग, कलश सगळं मांडून ठेवलं होतं. दुबईचे गुरुजी, घड्याळाचे पक्के. "वराकडचे यजमान, या," म्हणाले. दीर सोवळं नेसून तयार, जाऊबाई हिरव्या शालूत. दोघं जाऊन पाटांवर बसले. मी पुढे गेले आणि म्हटलं, "वहिनी, उठा. मी बसणार."

"अगं, चारचौघांत काय हे," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

गुरुजींनी आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "ताई, याला दांपत्य लागतं."

मी म्हटलं, "गुरुजी, बायको हजर नसली तर पुरुष कमरेला सुपारी लावून पूजेला बसतो की नाही?"

"बसतो."

"मग मला सुपारी द्या."

"ते पुरुषांसाठी सांगितलेलं आहे. शास्त्रात तसं..."

"शास्त्रात चिनी सून सांगितली आहे का?"

मागे कोणीतरी हसलं. गुरुजींनी घड्याळ बघितलं. दुपारी त्यांची अल नहदाला वास्तुशांत होती हे त्यांनीच सकाळपासून तीनदा ऐकवलं होतं. त्यांनी तबकातली एक सुपारी उचलली, क्षणभर हातात धरली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "बसा," म्हणाले.

आधी दीर उठले. गुडघ्यांवर हात देऊन, हळूहळू. "बसू दे तिला," एवढंच म्हणाले. जाऊबाई तशाच बसून राहिल्या. मी दिरांच्या पाटावर बसले आणि सुपारी कमरेला खोचली. रेशमी साडी, ती घरंगळून खाली पडली. परत खोचली, परत पडली. सगळा हॉल बघत होता.

"थांब. अशी राहायची नाही ती," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी सुपारी उचलली, माझ्या पदराच्या टोकात गुंडाळली, स्वतःच्या खांद्यावरची सेफ्टी पिन काढली आणि माझ्या कमरेशी घट्ट लावली. पिन निघाल्यावर त्यांचा शालू खांद्यावरून घसरला, तो एका हाताने धरून त्या उठल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या.

गुरुजींनी आचमन करायला सांगितलं. मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. नांदीश्राद्धात पितरांना बोलवायची वेळ आली तेव्हा गुरुजींनी विचारलं, "वराच्या वडिलांचं नाव?" दिरांनी मागून तोंड उघडलं होतं, त्यांच्याआधी मी सांगितलं. गुरुजींना नीट ऐकू गेलं नाही, म्हणून मी परत एकदा मोठ्याने सांगितलं.